खनिज पेटी: दगड अस्सल, पण पान नऊवरचा बिशप अर्धाच

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, शाळेची प्रयोग-साहित्यं आणि दगड-खनिजं विकणारं छोटं दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथून नातीसाठी खनिज पेटी घेतली, १४५० रुपयांना. ती सातवीत आहे. दोघींनी मिळून महिनाभर पेटी वापरली, मग लिहायला बसले. मी ३४ वर्षं ठाण्यात विज्ञान आणि भूगोल शिकवला, त्यामुळे पेटीत काय असावं याबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

दगड खरे आहेत. हे आधी सांगते, कारण ऑनलाइन मागवलेल्या एका पेटीत आम्हाला रंगवलेली काच मिळाली होती. इथे बारा खणांत आपल्या दख्खनचा काळा बसाल्ट, त्याच्या पोकळ्यांत वाढणारे स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, अगेट, क्वार्ट्झचे तीन सुटे स्फटिक, आणि ‘मोरोक्को’ अशी चिठ्ठी लावलेला शार्कचा जीवाश्म दात आहे. सोबत भिंग, कस बघायची पांढरी फरशी, प्लास्टिकचा कोनमापक आणि २४ पानांची मराठी पुस्तिका. कॅल्साइटवर घरातलं व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे हळूहळू येतात. थोडं खरवडून पूड केली तर लवकर येतात. पुस्तिकेत हे नाही, म्हणून इथे लिहिलं.

पेटीचं खरं सोनं म्हणजे ते तीन स्फटिक. पुस्तिकेत क्वार्ट्झचं चित्र आहे, अगदी नीटस षटकोनी, सहाही बाजू सारख्या. नातीने हातातला स्फटिक चित्राशेजारी धरला आणि तिचा चेहराच पडला. “आजी, हा वाकडा आहे गं. एक बाजू एवढी रुंद आणि ही तर नुसती रेघ. बदलून आणू या?” मी म्हटलं, बाजू सोड, कोपरे मोज. कोनमापकाचे पाय दोन लगतच्या उभ्या पृष्ठांवर टेकवले, १२०. पुढचा कोपरा, ११९. मग १२१, कारण कोनमापक ढिला होता. दुसरा स्फटिक घेतला, तो तर चपटाच, पण कोपरा पुन्हा १२०. तिसऱ्याला तिने मोजायच्या आधीच आकडा सांगितला.

हेच डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये फ्लॉरेन्समधून छापलेल्या छोट्या ग्रंथात चित्रं काढून दाखवलं होतं: स्फटिकाच्या बाजूंची लांबी बदलते, कोन बदलत नाहीत. आजचं स्फटिकशास्त्र त्या निरीक्षणावर उभं आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने ते नीटस चित्र छापलंच नसतं.

आणि इथे माझी मुख्य तक्रार सुरू होते. पान ९ वर स्टेनोबद्दल चार ओळी आहेत. ‘डेन्मार्कचे शास्त्रज्ञ. खडकांच्या थरांचे नियम मांडले. पुढे विज्ञान सोडून धर्मगुरू झाले.’ चौथ्या ओळीत जन्म-मृत्यूची सालं, १६३८ ते १६८६. संपलं. मी कॅथलिक आहे, रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि आयुष्यभर फळ्यावर खडकांचे थर काढत आले. हा माणूस मला दोन्हीकडून जवळचा आहे. त्याला असा मधोमध कापलेला बघून वाईट वाटलं.

१६६० मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरताना त्याला लाळेची नलिका सापडली, तेव्हा तो जेमतेम बाविशीचा होता. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला आतून जीभ लावून बघा, बारीक उंचवटा लागतो. तेच त्या नलिकेचं तोंड, आजही डॉक्टर तिला त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या शिक्षकाने शोध आपलाच म्हणून सांगितला आणि मोठा वाद झाला. हृदय हा एक स्नायू आहे, हेही त्याने दाखवलं. १६६६ मध्ये इटलीत लिव्हॉर्नोजवळ कोळ्यांनी मोठा शार्क पकडला आणि तिथल्या राज्यकर्त्याने, ग्रँड ड्यूकने, त्याचं डोकं चिरायला फ्लॉरेन्सला स्टेनोकडे पाठवलं. शार्कचे दात स्टेनोला डोंगरात सापडणाऱ्या ‘जिभेच्या दगडां’सारखे दिसले. ते दगड आकाशातून पडतात असा जुना समज होता. ते दातच आहेत, मग डोंगरातला तो चिखल कधीतरी पाण्याखाली होता, आणि खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, असं करत तो पुढे गेला. पेटीतला मोरोक्कोचा दात त्यासाठीच ठेवलाय, पण पुस्तिकेत त्याच्यासमोर फक्त ‘जीवाश्म’ एवढंच लिहिलंय.

ल्युथरन घरात वाढलेला हा माणूस १६६७ मध्ये कॅथलिक झाला. आणि तो स्फटिकांचा, थरांचा ग्रंथ त्यानंतर दोन वर्षांनी आला! तेव्हा ‘विज्ञान सोडून’ हे शब्द किती घाईचे आहेत ते बघा. पाद्री तो १६७५ मध्ये झाला आणि १६७७ मध्ये बिशप. संशोधन हळूहळू मागे पडलं हे खरं. गरिबांना द्यायला त्याने बिशपची अंगठीही विकली असं चरित्रांत आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये नव्या बिशपची निवड पैशाने झाली म्हणून १६८३ मध्ये तो ते शहर सोडून निघाला.

पण त्याच १६७७ मध्ये त्याने आणखी एक केलं, आणि ते मुलांपासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं. तरुणपणी लायडनला असताना डच तत्त्वज्ञ स्पिनोझाशी त्याची ओळख होती. स्पिनोझा त्याची विच्छेदनं बघायला यायचा. स्पिनोझा वारल्यावर काही महिन्यांतच त्याच्या ‘एथिक्स’ या ग्रंथाचं हस्तलिखित रोममध्ये स्टेनोच्या हाती आलं आणि त्याने ते तक्रारीसह चर्चच्या धर्मन्यायालयाकडे सोपवलं. स्पिनोझाच्या लिखाणावर पुढे बंदी आली. ते हस्तलिखित २०१० मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडलं. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्टेनोला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मी त्याची प्रार्थना करते, आणि तरीही हे त्याने करायला नको होतं असं म्हणते.

आता बाकीचं पटकन. कोनमापकाची खिळी ढिली होती. दुकानदारांनी काहीही न विचारता दुसरा दिला आणि मोजून बघायला आपल्या कपाटातला स्फटिकही काढून दिला. भिंगावर दहापट लिहिलंय, तेवढं ते नाही. खणांतला स्पंज काळा, त्याचा भुगा स्टिल्बाइटच्या पांढऱ्या पात्यांना चिकटतो. मऊ ब्रशने निघतो. दुकानाला लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, माझ्यासारखी गुडघेदुखी असेल तर कुणाला तरी सोबत न्या. गाडी अजिबात नेऊ नका, स्टेशनवरून चालत जाणं बरं.

पेटी घेतलीत तर तिच्याबरोबर कळव्याला जा. पारसिकच्या डोंगरात बसाल्टचे थर नीट बघितले तर पश्चिमेकडे झुकलेले आहेत. वर सह्याद्रीत तेच जवळपास आडवे. थरांना बाक आलेल्या या पट्ट्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. थर आधी आडवा बसतो, कलला असेल तर नंतर कलला, हा स्टेनोचाच नियम. आम्ही दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि खालच्या रस्त्यावरूनच, कोनमापक डोळ्यासमोर धरून, कल मोजला. डोंगरावर चढू नका, दरड सैल आहे.

दुकानदारांना पान ९ बद्दल सांगितलं. पुस्तिका दुसरीकडून छापून येते म्हणाले, पण तुम्ही लिहून द्या, मी प्रत्येक पेटीत झेरॉक्स घालतो. एक पानभर लिहून दिलंय. नातीने वाचलं आणि विचारलं, “मित्राचं पुस्तक त्याने स्वतःहून नेऊन दिलं?” मी हो म्हटलं. तिने बराच वेळ तो चपटा स्फटिक हातात फिरवला. मग पेन्सिल घेऊन माझ्या कागदावर, स्पिनोझाच्या ओळीखाली, ‘हे का केलं?’ असं लिहिलं. दुकानात दिलेल्या प्रतीत मी ते तसंच ठेवलंय.