नवा चित्रपट की जुना? मराठवाड्यातून स्वतंत्र समीक्षा करू पाहणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा परभणीत राहून, कोणत्याही वृत्तपत्राशी बांधून न घेता चित्रपट समीक्षा करण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांना आधी एक गोष्ट ठरवावी लागते: दर शुक्रवारी येणाऱ्या नव्या चित्रपटांवर लिहायचे की मागे पडलेल्या जुन्या चित्रपटांकडे वळायचे. दोन्ही कामांना समीक्षाच म्हणतात, पण त्यांना लागणारा वेळ, खर्च आणि तयारी यांत मोठा फरक आहे. माझा कल आधीच सांगून ठेवतो. मराठवाड्यातून लिहिणाऱ्याने जुना चित्रपट हा आपल्या कामाचा कणा मानावा आणि नव्यांपैकी, ज्यांबद्दल आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळते, असे निवडक तेवढेच घ्यावेत.

नव्या चित्रपटाचे परीक्षण अधिक वाचले जाते, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत तिकीट काढावे की नाही हे ठरवणारा माणूस परीक्षण शोधत असतो, आणि सोमवार उजाडला की तो वाचक ओसरू लागतो. या शर्यतीत आपण मागूनच निघतो. पत्रकारांसाठीचे आधीचे खेळ प्रामुख्याने मुंबई-पुण्यात होतात, त्यामुळे तिथली परीक्षणे वाचकांपर्यंत पोहोचतात तेव्हा आपला पहिला खेळ अजून सुरूही झालेला नसतो. मराठी चित्रपटाला जिल्ह्याच्या ठिकाणी अनेकदा दिवसाला एखादाच खेळ मिळतो, तोही भर दुपारी, आणि प्रेक्षक जमले नाहीत तर पुढच्या शुक्रवारी तोही काढला जातो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला एका चित्रपटासाठी जाण्यायेण्यात अख्खा दिवस घालवावा लागतो. ओटीटीची वाट पाहावी, तर तोवर चर्चा संपलेली असते.

जुन्या चित्रपटाला अशी घाई नसते. त्यावर आज लिहिले काय आणि सहा महिन्यांनी लिहिले काय, वाचक तोच राहतो. थोडा, पण टिकणारा. मात्र जुने चित्रपट इंटरनेटवर फुकट मिळतात म्हणून हे काम सोपे आहे, असे कोणी समजू नये. आपण पाहतो ती प्रत पूर्ण आहे का, हाच तिथला पहिला प्रश्न असतो. दूरदर्शनसाठी किंवा सीडीसाठी काढलेल्या प्रतींत एखादे गाणे गाळलेले असते, दोन रिळांच्या जोडावरचा प्रसंग अर्धा तुटलेला असतो, तर कधी जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित केलेला चित्रपट रुंद पडद्यासाठी ताणल्यामुळे सगळे चेहरे पसरट झालेले असतात. अशा प्रतीवरून छायालेखनाबद्दल किंवा संकलनाच्या लयीबद्दल मत देणे म्हणजे दिग्दर्शकावर अन्याय करणे होय.

ही तपासणी घरबसल्या करता येते. बऱ्याच जुन्या प्रतींच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. तिथे चित्र थांबवावे. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी दिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने मिनिटाला सुमारे 27.4 मीटर पुढे सरकते. प्रमाणपत्रावर लांबी 3,800 मीटर असेल, तर चित्रपट साधारण 2 तास 18 मिनिटांचा असला पाहिजे. आपल्या हातातील प्रत दोन तासांची असेल, तर अठरा मिनिटे कुठे गेली याचा शोध घेतल्याशिवाय लेखणी उचलू नये. ती 2 तास 13 मिनिटांची असेल, तर मात्र काही कापले गेले असेलच असे नाही, कारण आपल्याकडच्या टीव्ही आणि व्हिडिओ प्रतींत सेकंदाला 25 चौकटी धावतात आणि त्यामुळे एवढ्या लांबीच्या चित्रपटात पाच-साडेपाच मिनिटांचा फरक आपोआप पडतो. ज्याला असल्या हिशेबाचा कंटाळा आहे, त्याने जुन्या चित्रपटांच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पुढचा आधार म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. 1964 साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबरच पोस्टर, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपलेल्या आहेत. चित्रपटातून गाळलेले गाणे अनेकदा पुस्तिकेत सापडते. रात्रीच्या गाडीने पुणे गाठून दिवसभर काम करता येते. वर्षाकाठी अशा एक-दोन फेऱ्यांचा खर्च दर आठवड्याच्या तिकिटांहून आणि प्रवासाहून जास्त होत नाही.

विषयांच्या निवडीतही जुन्याची बाजू मला अधिक भरीव वाटते, पण त्यात एक अडचण आहे. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या 1936 च्या ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटांवर इतके लिहून झाले आहे की नवख्याच्या हाती पुनरुक्तीच उरते. खरे रान मोकळे आहे ते सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या ग्रामीण आणि तमाशाप्रधान चित्रपटांचे. शहरी समीक्षेने त्यांना ओझरते हाताळले, आणि जत्रांतल्या तंबूंमध्ये तेच लोकांनी डोक्यावर घेतले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूत चित्रपट पाहिलेली, प्रोजेक्टर चालवलेली, दारावर तिकिटे फाडलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. कोणते गाणे पुन्हा लावावे लागे, बायकांच्या बाजूची गर्दी कोणत्या चित्रपटाला उसळे, मध्येच फिल्म तुटली तर काय होई, हे तीच सांगू शकतात. ही माहिती कोणत्याही संग्रहालयात नाही, आणि ती टिपण्यासाठी मुंबईचा समीक्षक इथे येणार नाही. मला या कामाची फार तळमळ आहे, कारण त्याला आता उशीर परवडणारा नाही.

मग नवे चित्रपट का सोडू नयेत? मराठवाड्यावर बेतलेला चित्रपट येतो तेव्हा शहरातली समीक्षा त्यातल्या दुष्काळाचे आणि दारिद्र्याचे कौतुक करून थांबते. ऊसतोडीच्या कथेचेच पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागते. हे बीड जिल्ह्यातल्या गावात ज्याने पाहिले आहे, त्याला कथानक कुठे सैल पडले ते पहिल्या अर्ध्या तासात कळते. बोलीचेही तसेच. उदगीर-देगलूरकडचे पात्र सरसकट ‘गावाकडच्या’ मराठीत बोलू लागले, तर ते आपल्याच कानाला खटकते. अशा चित्रपटावर दोन आठवडे उशिरा का होईना, पण सविस्तर लिहिलेच पाहिजे.

स्वातंत्र्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखा नाही. नव्या चित्रपटाभोवती प्रसिद्धीची यंत्रणा असते. ती आधी फुकट तिकीट देते, मग कलाकाराची मुलाखत, आणि पुढे मानधन देऊ करते. पैसे किंवा सवलत घेतली असेल तर ते ठळकपणे सांगावे, अशी जाहिरात मानक परिषदेची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. माझ्या मते स्वतंत्र म्हणवणाऱ्याने तिकीटसुद्धा स्वतःच्याच खिशातून काढावे. जुन्या चित्रपटाच्या बाबतीत दबाव नसतो, तशी मिळकतही नसते, तेव्हा पोटापाण्याची सोय निराळी हवी.

व्हिडिओतून समीक्षा करणाऱ्यांनी हक्कांचा विचार आधी करावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. 1960 साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क 2020 अखेर संपला. गीतकार-संगीतकारांच्या रचनांचे हक्क मात्र वेगळे असून ते त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतात. समीक्षेसाठी उचित वापर करण्याची मुभा कायदा देतो, तरीही यूट्यूबवर 90 दिवसांत हक्कभंगाचे तीन इशारे (स्ट्राइक) आल्यास वाहिनी बंद होऊ शकते. लिखित समीक्षेला हा धोका फारसा नाही.

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला जुना चित्रपटच झेपेल. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेल्या आणि चित्रपटसृष्टीत ओळखी हव्या असलेल्या तरुणाला नव्यांची संगत सोडून चालणार नाही. दोघांनीही साधारणतः जानेवारीत छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी रजा राखून ठेवावी, कारण चित्रपटगृहांत न पोहोचलेले देशोदेशीचे नवे चित्रपट तिथे आपल्याच शहरात, मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात आणि त्या आठवड्यापुरती मुंबई-पुण्याची आघाडी राहत नाही.