९३६ छापाचं सोल्डरिंग स्टेशन, मॉडेल रेल्वेच्या टेबलावर: दिवाळी ते पावसाळा

गेल्या दिवाळीत घेतलं, आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटली, आता पाऊसही लागला. मध्यंतरी टेबलावर बरीच इंजिनं उघडून झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घाईत असलेल्यांसाठी एका वाक्यात: डबा चांगला आहे, पण दांडी (म्हणजे हातात धरायची गन) आहे तशीच वापरणार असाल तर घेऊ नका. हीटर आणि बिट (गनचं तापणारं टोक) बदललेत, अर्थिंग तपासलंत, तर दोन हजारांच्या आत मॉडेल रेल्वेच्या कामाला याच्या तोडीचं मला तरी दुसरं काही सापडलेलं नाही.

मूळ ९३६ जपानच्या हाको कंपनीचं. त्यांनी ते केव्हाच बंद केलं, पण त्याच्या नकला अजून निघतायत. माझंही नक्कलच. ब्रँडचं नाव देत नाही, कारण तोच डबा ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी दिसतो. आत २४ व्होल्टचा वजनदार ट्रान्सफॉर्मर, पुढे २०० ते ४८० अंशांचं बटण, त्याच्या बाजूला कॅलिब्रेशनचा बारीक स्क्रू आणि ९०७ नमुन्याची दांडी.

आता याची गरज का पडते ते. रेल्वेच्या मॉडेलात जिथे सोल्डर मारायचं तिथून प्लॅस्टिक दोन-तीन मिलिमीटरवर असतं. रुळाखाली प्लॅस्टिकचे स्लीपर, मोटरशेजारी प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स, दिव्यामागे पॉलिस्टायरीनची बॉडी, आणि ही बॉडी शंभर अंशांच्या आतबाहेरच मऊ पडते. म्हणून बरेच जण मुद्दाम २५ वॉटची कमजोर गन घेतात, की बुवा कमी गरम होईल, कमी जळेल. होतं नेमकं उलटं. रूळ उष्णता ओढून घेतो, बिट थंड पडते, सोल्डर वितळायची वाट बघत आपण गन धरून बसतो आणि तेवढ्या वेळात उष्णता रुळाच्या अंगाने सरकत स्लीपरच्या खिळ्यापर्यंत पोचते. गन ताकदवान असेल तर सांधा दोन सेकंदांत होतो आणि स्लीपरला पत्ताही लागत नाही. बिट किती गरम आहे याला फार महत्त्व नाही. धातूला टेकल्यावर गेलेली उष्णता ती किती लवकर भरून काढते, सगळा खेळ तिथे आहे.

आमच्याकडे चाळीसगावला हा मुद्दा अजून एका कारणाने महत्त्वाचा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. २३० चं १८० झालं की साध्या गनची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात उतरते, म्हणजे साधारण साठ टक्क्यांवर येते. २५ वॉटची गन १५ वॉटची होऊन बसते आणि सोल्डर नुसतं चिकटपट्टीसारखं ओढलं जातं. स्टेशनचीही ताकद घटतेच, पण तिच्या ६० वॉटमधले ३६-३७ वॉट उरतात आणि तापमान सेन्सर सांभाळतो. गरम व्हायला जरा वेळ लागतो, सांध्यात फरक पडत नाही. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, काम मात्र देतो.

आता दांडीबद्दल. तिच्यातला हीटर आणि बिट या दोघांची आपसात ओळखच नव्हती. बिटच्या पोकळीत हीटर सैल हलत होता. मध्ये हवा, म्हणजे उष्णता बिटपर्यंत पोचणार कशी? बटण ३५० वर आणि रुळावर सोल्डरचे गोळे होतायत. थर्मामीटर नसेल तर तपासायची एक सोपी युक्ती आहे. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं. बटण २०० वर ठेवून ते बिटवर वितळलं पाहिजे. माझं नव्या डब्यावर वितळत नव्हतं.

सिरॅमिक हीटर मागवताना एक काळजी घ्या. दांडी उघडून मल्टीमीटरने आधी मोजा. हीटरच्या दोन तारांत दोन-तीन ओहम आणि सेन्सरच्या दोन तारांत पन्नासच्या आसपास ओहम दिसले, तर हाकोच्या ए-१३२१ नमुन्याचा सिरॅमिक हीटर चालतो. मे महिन्यात मोजाल तर सेन्सर थोडा जास्त दाखवेल, घाबरू नका. पण सेन्सरच्या तारांत एक-दोन ओहमच दिसले, तर आत थर्मोकपल (दुसऱ्या जातीचा तापमानाचा सेन्सर) आहे आणि हा हीटर त्या डब्याला चालणार नाही. दिसायला दोन्ही सारखेच, आणि विकणारे बहुतेकदा दोन्हींना एकाच नावाने विकतात. माझा डबा पहिल्या जातीचा निघाला, पण त्यात घातलेला हीटर हलका होता. चांगला हीटर आणि त्याच्यावर घट्ट बसणारी ९००-एम जातीची बिट घातली, स्क्रूने कॅलिब्रेशन लावलं आणि मग हे यंत्र कामाचं झालं. बिट्स मला जळगावला गोलाणी मार्केटात मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळाल्या. दुकानात हातात घेऊन हीटरवर सरकवून बघता येतं, हा ऑनलाइनपेक्षा मोठा फायदा.

अर्थिंगचं प्रकरण जास्त गंभीर. मूळ हाकोत बिटपासून अर्थपर्यंत दोन ओहमच्या आत रोध असतो. माझ्या डब्यात मल्टीमीटर काहीच दाखवेना. तीन पिनांचा प्लग, आत हिरवी वायर, पण ती दांडीच्या सॉकेटला जोडलेलीच नव्हती. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेले एक काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांना दाखवलं तर इंजिनाकडे बघितलंही नाही, म्हणाले, "भो, अर्थिंग पहिले पाह्य, मग बाकीचं. आणि घरातल्या बोर्डाचंबी पाह्य, जुन्या घरात तिसरी पिन नुसती शोभेले राह्यते." ते खरं निघालं. बोर्डात तिसरी पिन कोरडीच होती. वायरमनकडून आधी ते करून घेतलं, मग डब्याच्या आतली जोडणी. साध्या वायरिंगला हे चालून जाईल, पण डीसीसी डिकोडरची (रुळावरून आलेले डिजिटल हुकूम वाचून इंजिन चालवणारी) चिप महाग असते आणि अर्थ नसलेल्या बिटवरची गळती तिला केव्हा मारून जाईल सांगता येत नाही. हे काम ज्याला जमतं त्याच्याकडूनच करून घ्या, २३० व्होल्टशी मस्करी नको.

आता डिकोडरचं काम जरा सविस्तर सांगतो, कारण स्टेशनचे पैसे तिथेच वसूल झाले. जुन्या एचओ (१:८७ मापाच्या) डिझेल इंजिनांत मोटरच्या खालच्या ब्रशची पितळी पट्टी सरळ धातूच्या चॅसिसला टेकलेली असते आणि चॅसिस एका बाजूच्या रुळाचा करंट आणते. साध्या डीसीवर ठीक आहे. डीसीसीत मोटरचे दोन्ही ब्रश चॅसिसपासून पूर्ण तुटलेले हवेत, नाहीतर पहिल्याच करंटला डिकोडर गेला. म्हणून मोटर काढायची, खालची पट्टी सोडवायची, चॅसिसवर पिवळसर, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावायची आणि वायर पट्टीला मोटरच्या बाहेरच जोडायची. बाहेरच का, तर बिटवर लोखंडाचा मुलामा असतो. मोटरजवळ नेली की आतलं चुंबक ती चटकन ओढून घेतं आणि तीनशे अंशांची बिट ब्रशच्या प्लॅस्टिक खोबणीला जाऊन टेकते. पट्टी चिमट्यात धरा, ब्लेडने जरा खरवडा, फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) ठिपका, आधी पट्टीवर सोल्डर, मग वायरवर सोल्डर, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून नुसता स्पर्श. डिकोडरच्या वायरचं इन्सुलेशन पातळ असतं. साधी गन ते अर्धा सेंटिमीटर मागे आक्रसून टाकते. इथे ३१० अंशांवर आणि बारीक चपट्या बिटने ते जागचं हललं नाही.

रंग ठरलेले आहेत: लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सामाईक पॉझिटिव्ह. एलईडी लावणार असाल तर मध्ये एक किलो-ओहमचा रेझिस्टर विसरू नका. बॉडी चढवायच्या आधी प्रत्येक ब्रश ते चॅसिस मल्टीमीटरने बघा, आवाज आला नाही पाहिजे. मग प्रोग्रामिंग ट्रॅकवर (डिकोडर तपासायच्या वेगळ्या रुळावर) ठेवून आधी नुसता पत्ता वाचा. नव्या डिकोडरचा तो ३ असतो. ३ वाचून आला म्हणजे जोडणी धड आहे, मगच मुख्य रुळावर.

फीडर वायरचं, म्हणजे रुळाला करंट देणाऱ्या वायरचं काम त्यामानाने सरळ. कोड १०० चा, म्हणजे अडीच मिलिमीटर उंचीचा निकेल सिल्व्हर रूळ, रुंद चाकूसारखी बिट, ३७० अंश, दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस. फक्त अ‍ॅसिडचा फ्लक्स वापरू नका, पत्र्याचं काम करणाऱ्यांकडे मिळतो तो. काही महिन्यांनी सांध्यावर हिरवं चढतं.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते: पाचोरा-जामनेर. आमच्या भागात त्या गाडीला पीजेच म्हणतात. ५६ किलोमीटरची अडीच फुटी लाइन, २०२० च्या लॉकडाऊनपासून गाडी बंद, आता तिथे ब्रॉडगेज होतेय. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओच्या ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि एन गेजचा रूळ असतो नऊचा. म्हणजे एन गेजचं जुनं चॅसिस घ्यायचं, त्यावर एचओच्या मापाची झेडडीएम (नॅरोगेजच्या) डिझेलची बॉडी चढवायची, की पीजेचं इंजिन तयार. असं मोडूनतोडून बनवण्यात जी मजा आहे ती तयार गाडीत नाही, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. बॉडी स्टायरीन शीटची, तिच्या नाकाडात दीड मिलिमीटरचा एलईडी. त्याला जोडायची तार केसाएवढी, वर इनॅमलचा लेप. हा लेप ब्लेडने खरवडायला गेलं की तारच तुटते. बटण ३९० वर न्या, बिटवर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात बुडवा. लेप जळून जातो, तार कल्हई केल्यासारखी निघते. पुन्हा ३०० वर या आणि एलईडीला जोडा. एकाच रात्री असं खालीवर करता येणं हीच या बटणाची कमाई.

खान्देशातल्यांसाठी दोन गोष्टी. एक, बोअरचं पाणी स्पंजला लावू नका. क्षारांचा थर बिटवर बसतो आणि सोल्डर धरत नाही. गॅरेजवर बॅटरीचं पाणी मिळतं, ते वापरा किंवा सरळ पितळी जाळी घ्या. मी जाळीवरच आलो. दोन, उन्हाळ्यात कूलरसमोर सोल्डरिंग करायचा मोह होतो. कूलरचा झोत बिट थंड करतो आणि धूर परत तोंडावर आणतो. हा धूर शिशाचा नसतो, या तापमानाला शिसं वाफ होत नाही. तो फ्लक्समधल्या राळेचा असतो, पण दम्याला वाईटच. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे, म्हणून चहा-भजी हात धुऊन.

रडगाणं: स्टँड इतका हलका की केबल ओढली गेली की तोही येतो. मी त्याला फरशीच्या तुकड्यावर स्क्रूने बसवलाय. केबल कडक आहे, बिट टेकली तर तिचं आवरण वितळतं. सिलिकॉनची केबल असलेली दांडी मिळाली तर तीच घ्या. आपोआप झोपायची सोय नाही, त्यामुळे चाकांची सफाई किंवा गिअर बघायला बसलात तर बटण २०० वर आणा आणि बिटवर सोल्डरचा थर सोडा, नाहीतर ती काळी पडते. काळी पडली म्हणून पॉलिश पेपर मारू नका, मुलामा गेला की बिट संपली.

नुसती चाकं पुसणं, मोटरचा कम्युटेटर साफ करणं आणि गिअरला तेल देणं एवढंच करणाऱ्याला हे लागत नाही. नुसते रूळ जोडणाऱ्याला साधी ६० वॉटची गन पुरते. टी-१२ जातीची, हीटर आणि बिट एकत्र असलेली स्टेशनं याहून लवकर तापतात हे खरं, पण बिट गेली की हीटरसकट सगळं बदलावं लागतं. वीज फारच जात असेल तर पॉवर बँकेवर चालणारी पेनसारखी गन बघा. डिकोडर बसवणाऱ्याने मात्र हेच घ्यावं आणि ऑर्डर देतानाच एक जादा सिरॅमिक हीटर मागवून ठेवावा. तो ठिसूळ असतो, दांडी फरशीवर पडली की आधी तोच तडकतो, आणि चाळीसगावात रविवारी तो कुठेच मिळत नाही.