८×४२ दुर्बीण, वर्षभर वापरून झाल्यावर

घ्यायला गेलो तेव्हा डोक्यात १०×५० होती, जास्त मोठं दिसेल म्हणून, पण दोन्ही हातात धरून बघितल्या तर दहावालीत चित्र इतकं हलत होतं की पक्ष्याची चोचसुद्धा धड दिसेना, मग ८×४२ घेतली आणि आज म्हणेन की तेच बरोबर केलं. आठ म्हणजे आठपट, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात पोचतो, म्हणून दिवस मावळताना नुसत्या डोळ्यांना झाड काळं दिसायला लागलं तरी यातून फांदीवर कोण बसलंय ते कळतं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. आत नायट्रोजन भरलेला आहे त्यामुळे भिंगं आतून धुरकट होत नाहीत, बाहेरून श्वासाची वाफ बसते तेवढी पुसायची. पाऊस थांबला की घरामागच्या गवतात चतुर बसतात, माझी दुर्बीण दोन मीटरवर पण फोकस होते, पंखांची जाळी आणि त्यात अडकलेला पाण्याचा थेंब एवढा स्वच्छ दिसला की मी दहा मिनिटं हललोच नाही! सगळ्या दुर्बिणी एवढ्या जवळचं दाखवत नाहीत, घेताना हे नक्की विचारा.

थंडीत गच्ची. कठड्यावर कोपरं टेकवा म्हणजे हात स्थिर राहतात. कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सहा-सात दिसतात, यातून कितीतरी जास्त. आणि गुरूजवळचे ते बारीक ठिपके, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चंद्र, दुसऱ्या दिवशी बघाल तर जागा बदललेल्या असतात. उन्हाळ्यात मी पहाटेच बाहेर पडतो, घरटं लांबूनच बघता येतं, पिल्लांना त्रास नाही. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

तक्रारी पण आहेत. भिंगांची झाकणं सैल, एक पहिल्याच महिन्यात पडलं, कंपनीला दोनदा मेल केला, उत्तर नाही. पट्टा बारीक आहे, मानेत रुततो, मी रुंद पट्टा लावला. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत फिरवायच्या, आणि वापरण्याआधी डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी उजव्या डोळ्याकडची रिंग, सेट करायची, आधी डावा डोळा मधल्या चाकाने आणि मग उजवा त्या रिंगने. हे न करताच बरेच जण दुर्बीण धूसर आहे म्हणून परत करतात.