राजीनामा द्यायचा की रविवार द्यायचा?

पुण्यात आयटीत असलेला भाचा विचारतोय: राजीनामा देऊन रायगडच्या कातकरी वाडीत मुलांना शिकवू, की नोकरी सांभाळून सुट्टीला येत जाऊ?

पैशाचं सरळ आहे. नोकरी असेल तर वह्या, चपला, एका शिक्षिकेचा पगारही निघतो. सोडायची तर वर्षभराची शिल्लक हवी.

वेळेचं तसं नाही. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, मुलंही सोबत. परततात पावसाच्या तोंडावर. ६ ते १४ वयाला शिक्षणाचा हक्क २००९च्या कायद्याने दिलाय, पण भट्टीवर पाटी घेऊन रोज जाणारं माणूस लागतं. एका पोरीने बोटांवरची राख फ्रॉकला पुसून मला 'ळ' गिरवून दाखवला, तोही सलग जात राहिल्यावर, तिसऱ्या आठवड्यात.

घराचे हप्ते चालू असतील तर नोकरी ठेव, शिक्षिकेचा पगार दे. जबाबदारी नसेल तर ये बाबा, पण आधी एक अख्खा हंगाम राहून बघ.