जिलेबीसाठी घेतलेला वजनकाटा

काटा भांडी बाजारातून घेतला, 450 रुपयांना. पाच किलोपर्यंत मोजतो, एक-एक ग्रॅम दाखवतो. असेच काटे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, म्हणून कंपनी सांगत बसत नाही. सहा महिने रोज वापरतेय.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला 1500 कॅलरी लिहून दिल्या होत्या. रविवारी मिसळीवरची जिलेबी आणि घरचे बेसनाचे लाडू सोडायची माझी तयारी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लाडू खायचेत की सोनं मोडायचंय? सराफ बाजार पलीकडेच होता, तिकडूनच आणायचास!"

पहिल्याच दिवशी काट्याने चोर पकडला, तो चहात निघाला. माझा शिगोशीग चमचा सात ग्रॅमचा. चार कप, दोन-दोन चमचे, म्हणजे 56 ग्रॅम साखर. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर 224! जागतिक आरोग्य संघटनेची 2015 सालची शिफारस आहे की वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी. माझ्या 1500 मध्ये ती 37 ग्रॅमच्या आसपास बसते. म्हणजे गोड काही न खाताच मी हद्द ओलांडत होते, तेही अर्धं लक्ष मुलाच्या डब्याकडे असताना. आता तीन कप, प्रत्येकात सपाट चमचा. जिलेबीला जागा झाली ती तिथून.

लाडवांचा हिशोब घरीच करता येतो. बेसन 500 ग्रॅम (साधारण 1900 कॅलरी), तूप 250 (ग्रॅमला नऊ, म्हणजे 2250), पिठीसाखर 400 (1600). बेरीज 5750, मिश्रण 1150 ग्रॅम. ग्रॅमला पाच कॅलरी, तोंडपाठ झालं. आमच्या घरच्या हाताचा लाडू 48 ग्रॅमचा निघाला, म्हणजे 240 कॅलरी. दोन खाल्ले की दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. आता 25 ग्रॅमचे वळते. दिसायला लहान मुलांच्या भातुकलीतले, पण रोज एक खाते आणि वाईट वाटत नाही. साखरेपेक्षा तूप कॅलरीत जास्त भारी पडतं, हे मला चाळिशीनंतर कळलं.

बाहेरच्या जिलेबीचा मात्र अंदाजच. पाक किती मुरला, तेल किती प्यायली, कोण सांगणार? एकाच पुड्यात 36 ग्रॅमची आणि 58 ग्रॅमचीही सापडली. मी लहानातली उचलते.

काट्याचे दोष: दोन मिनिटं हात लावला नाही की बंद पडतो, आणि भांड्याचं वजन वजा करायचं टेअर बटण दाबून केलेलं सगळं पुसलं जातं. मोठं पातेलं ठेवलं की आकडे खाली झाकले जातात. तूप थेंबथेंब सोडलं तर आकडा हलतच नाही, एकदम ओतावं लागतं. सेलही वेगळे घ्यावे लागले. पाचपैकी चार.

सासूबाईंचं मत आता बदललंय. परवा पाहुण्यांनी आणलेला अर्धा किलो पेढा त्यांनी काट्यावर ठेवला. खोक्यासकट बरोबर 500 भरला, खोकं एकटं 38 ग्रॅमचं. खोकं घेऊन त्या थेट दुकानात गेल्या आणि भांडून दोन पेढे आणले. ते माझ्या हिशोबात नव्हते.