तीन पेट्या, दोनच पिना

स्पीकरच्या सेटपायी ४५,००० रुपये गेले. ५,००० रोख, ३७,००० यूपीआयने, आणि वरून केबल-फिटिंगचे म्हणून ३,०००. आकडा आधीच सांगून राहिलो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" म्हणून कोणी सोडून देणार नाही.

नागपुरात वर्धा रोड, मनीषनगर, बेसा या पट्ट्यात पिकअपमधून स्पीकर विकणारे फिरतात. त्यांची कहाणी तुम्हाला पाठच असेल. हॉटेलच्या हॉलची ऑर्डर, गोदामातून एक सेट जास्तीचा आला, चालानवर नोंद नाही, म्हणून अर्ध्याहून कमी भाव. खोक्यावर छापील किंमत १,४५,०००. मलाही पाठ होती, म्हणूनच रस्त्यावर मी एक रुपया काढला नाही. "घरी जोडून दाखव, वाजलं तरच पैसे," असं त्यातल्या एकाला ठणकावून सांगितलं. याहून सावध माणूस आणखी काय करतो? तो घरी आला, जोडलं, वाजवूनही दाखवलं. आता हे लोक डेमो देतात, हे लोकांना कळावं म्हणून लिहितो आहे.

मला पॉवर्ड स्पीकरच हवे होते, म्हणजे आतच अँप्लिफायर (आवाज वाढवणारं यंत्र) असलेले. हॉलमध्ये वेगळा अँप्लिफायर ठेवायला जागा नाही. बर्डीच्या बाजारात भाव काढून झाले होते. त्याने सांगितलेला सेट नेमका तोच: दोन पॉवर्ड स्पीकर, दोन्हींत स्वतंत्र अँप्लिफायर, आणि १२०० वॅट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा, सबवूफर (खर्जाच्या आवाजाची पेटी, थोडक्यात सब). ६५,००० वरून ४२,००० वर आला.

आणि इथेच ते घडलं. मी एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला. तीन पेट्या, तिन्हींत अँप्लिफायर, म्हणजे बोर्डात तीन पिना (प्लग) लागायला हव्यात. त्याने दोनच लावल्या. एक सबची, एक डाव्या स्पीकरची. उजव्या स्पीकरला डाव्यातून एक बारीक दोन तारांची वायर गेली, बस. मी विचारलंसुद्धा, "याची पिन कुठे आहे?" तो म्हणाला, "काका, याला पॉवर तिकडूनच जाते न." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्या वायरीतून अँप्लिफायर चालवणारी वीज नाही, डाव्या पेटीतल्या अँप्लिफायरने वाढवलेला आवाजाचा सिग्नल जात होता. उजवा स्पीकर म्हणजे रिकाम्या पेटीत अँप्लिफायर नसलेला साधा (पॅसिव्ह) स्पीकर. एकाच पिनेवर चालणाऱ्या जोड्या चांगल्या कंपन्याही विकतात, त्यात खोट नाही. पण त्या तसं सांगून विकतात. "दोन्हींत स्वतंत्र अँप्लिफायर" असं म्हणणाऱ्याच्या हातात दोन पिना दिसल्या पाहिजेत. मी प्रश्न विचारला होता, हे कोणी विसरू नये. उत्तर खोटं मिळालं.

सबच्या मागच्या पट्टीवर फ्यूजजवळ बारीक अक्षरांत १ अँपिअर, २३० व्होल्ट लिहिलं होतं. गुणाकार करा: २३० वॅट. सॉकेटमधून २३० घेणारा डबा सलग १२०० वॅट बाहेर कुठून काढेल? पुढच्या जाळीवर मात्र "१२०००" छापलेलं, शेजारी पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा. पीएमपीओ मोजायची कुठलीच ठरलेली पद्धत नाही, तिथे वाट्टेल तो आकडा लिहिता येतो. विकत घेताना आरएमएसच बघा, आणि तोसुद्धा मागच्या पट्टीशी ताडून.

जोडणीतही बनवाबनवी होती. नीट पद्धत अशी: टीव्हीचा आवाज पॉवर्ड स्पीकरमध्ये, स्पीकरच्या सब-आउटमधून (सबसाठी आवाज बाहेर देणारी जागा) आरसीए (साधी ऑडिओ) केबल सबच्या लाइन-इनमध्ये, सबचा क्रॉसओव्हर (सबने कुठल्या सुरापर्यंत वाजायचं ते ठरवणारं बटण) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून मग कानाने जुळवायचा. याच्या स्पीकरला सब-आउटच नव्हतं. त्याने टीव्हीच्या हेडफोन जॅकला स्प्लिटर लावला, एक फाटा इकडे, एक तिकडे. सब-आउट नसेल तर हा उपायही चालतो, पण त्याने सबचा आवाज एवढा चढवला की खिडकीची तावदानं थरथरली. घरचे खूश झाले. त्या दणक्याखाली स्पीकरचा स्वतःचा आवाज किती पोकळ आहे, हे कोणालाच कळणं शक्य नव्हतं. डेमो घेताना सब बंद करायला लावा, नुसते स्पीकर ऐका. मग स्पीकर बंद, नुसता सब ऐका. विकणारा कां-कूं करू लागला की बोलणं तिथेच संपवा.

आणि कूलर बंद करा! नागपूरचा मे महिना, हॉलमध्ये कूलर धो धो चालू. रात्री तो बंद केला तेव्हा सबमधून सलग "गूंऽऽ" ऐकू आलं. आवाजाच्या सगळ्या केबल काढल्या तरी तेच. म्हणजे दोष जोडणीत नव्हता, आतल्या पॉवर सप्लायमध्ये होता. क्रॉसओव्हरचं बटण फिरवलं तर काहीच फरक नाही.

ओळखीच्या साउंडवाल्याने पेट्या उघडल्या. डाव्यात टीडीए२०३० नावाच्या दोन अँप्लिफायर चिप. अशी एक चिप जेमतेम १४ वॅट देते. सबच्या तळाशी वजनासाठी सिमेंटचा गोळा चिकटवलेला. वजन बघून माल ओळखा असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोलीस स्टेशनात ऐकवलं, "तुम्ही माल पाहून घेतला, हा दिवाणी मामला आहे." मग म्हणाले, पैसे यूपीआयने गेले ना, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल हातात मिळाला, यात सायबर काही नाही, ठाण्यात जा. बँक म्हणाली, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला. अरे, मीच टाकला! खोटं सांगून टाकायला लावला, त्यालाच फसवणूक म्हणतात ना? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) नेमकं यासाठीच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी हे बोललो तर समोरचा हवालदार म्हणाला, "काऊन, वकील आहात का?" हातात यूपीआय आयडी, त्यावरचं नाव, बिल, सगळं होतं. त्या खात्याची चौकशी करायला किती वेळ लागतो? साधी पोचसुद्धा दिली नाही. ज्याचा पैसा गेला त्यालाच तासन्‌तास बाकावर बसवायचं आणि वर त्यालाच दरडावायचं, ही कुठली रीत? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे खरं. पण तक्रारीत सामनेवाल्याचा पत्ता लिहावा लागतो. तो मी कुठून आणू?

बिलावरचा जीएसटी नंबर तेरा अक्षरांचा निघाला. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, मोबाईलवर लगेच कळतं. दुकानाचं बिल आणि यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव, असं दिसलं तर पिन टाकू नका. गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, त्याच्यासमोर काढा. पेटीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असेल तर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तपासा.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी पाठवता येते, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर भागात कोणी याच कहाणीवर असा सेट घेतला असेल तर लाज बाळगू नका, तुमचीही तक्रार लेखी द्या आणि यूपीआयची पावती जोडा. एकच आयडी दोन-चार तक्रारींत आला की "दिवाणी मामला" म्हणून हाकलणं त्यांना जमणार नाही. पेट्या फेकू नका, उघडल्या असतील तर आतले फोटो काढून ठेवा.