हवेतून वीज देणारा डबा आणि आमचे ९०,०६० रुपये

सहा डबे, प्रत्येकी ११,८०० रुपये, म्हणजे ७०,८००. ‘तालुक्याची एजन्सी’ म्हणून डिपॉझिट १५,०००. पाइप, तांब्याची तार, अर्थिंगचं सामान आमच्याच पदरचं, ४,२६०. एकूण ९०,०६० रुपये गेले. तेही कुणाचे, तर वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगवर पोट भरणाऱ्यांचे. हसा खुशाल.

पण डबा विकणाऱ्याने मोठी थाप मारलीच नाही, हे लक्षात घ्या. पंप चालेल म्हणाला असता तर दारातूनच हाकलला असता. तो म्हणाला, ९ वॉटचा एक बल्ब आणि मोबाइल चार्जिंग, बस्स. शेतातल्या खोपीवर लागतं तेवढंच. वर टेस्लाचं १९०१ सालचं पेटंट दाखवलं, ते खरंच आहे. दमट हवेतून वीज काढल्याचं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं २०२० सालचं संशोधन दाखवलं, तेही खरंच आहे. फक्त आकडे सांगितले नाहीत. त्या संशोधनात वीज देणारी जी पातळ फिल्म होती, तिच्यावर व्होल्टेज अर्धा व्होल्ट आणि करंट चौरस सेंटिमीटरला १७ मायक्रोअँपिअर. सगळं जमून आलं असं धरलं तरी चौरस मीटरला ८५ मिलिवॉट. एका बल्बला शंभरावर चौरस मीटर फिल्म लागेल, ती चपातीच्या डब्याएवढ्या पेटीत कुठे मावणार?

छपरावर सहा मीटरचा पाइप उभा केला, तारेला मल्टिमीटर लावला, ३८ व्होल्ट. हा प्रकार आम्ही रोज बघतो. मोकळ्या वायरीवर टेस्टर लागतो, मीटर आकडा दाखवतो, लोड टाकला, म्हणजे बल्बसारखं काही जोडलं, की शून्य. शेजारच्या लाइनचा ५० हर्ट्झ तारेत उतरतो, दुसरं काही नाही. मीटरचा रोध १० मेगाओहम धरा, ताकद निघते मिलिवॉटचा सातवा भाग. स्वच्छ हवेत जमिनीलगत मीटरमागे १०० व्होल्टच्या आसपास दाब असतो खरा, पण करंट चौरस मीटरला दोन-तीन पिकोअँपिअर, म्हणजे नसल्यातच जमा. व्होल्ट दाखवणाऱ्याला आधी लोड टाकायला सांगा.

सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. डेमोत त्याने एरियलची, म्हणजे पाइपवरून डब्यात येणाऱ्या तारेची, पिन काढली आणि बल्ब चालूच राहिला. विचारलं तर म्हणाला, “साहेब, कॅपॅसिटरमध्ये चार्ज आहे ना.” आणि आम्ही माना डोलावल्या! समोर दिसणारा कॅपॅसिटर होता ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. काठोकाठ भरला तरी दीड ज्यूल, म्हणजे ९ वॉटचा बल्ब सेकंदाचा सहावा भाग. तो अकरा मिनिटं चालला. रोज पंख्यांचे कॅपॅसिटर बदलणाऱ्या माणसांनी ती अकरा मिनिटं चहा पीत बघितली.

शिवाय डब्यातून दोन वायरी मेनला, ‘रेफरन्स’साठी म्हणे. मेन लाइनला जोडून चालणाऱ्या ग्रिड-टाय सोलर इन्व्हर्टरला ताल जुळवायला लाइनचा रेफरन्स लागतोच, म्हणून पटलं. पण १२ व्होल्ट डीसीला कसला आलाय रेफरन्स? एवढा बारीक करंट क्लॅम्प मीटरवर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून मोजायच्या मीटरवर, नीट येत नाही, तेव्हा एकट्या फेजच्या वायरीचे जबड्यातून दहा वेढे घ्या आणि आकड्याला दहाने भागा. आमचा आला ०.०९ अँपिअर. म्हणजे हवेतली वीज आमच्याच मीटरमधून येत होती.

सील तोडलं तर वॉरंटी जाते, म्हणून दीड महिना डबा उघडला नाही. कसली वॉरंटी! आत काळ्या एपॉक्सीखाली जुन्या लॅपटॉपमधले १८६५० साइजचे नऊ लिथियम सेल आणि एक चार्जर. तांब्याचं भलंमोठं कॉइल कशालाच जोडलेलं नव्हतं. सेल जास्त चार्ज होऊ नयेत, तापू नयेत म्हणून लागणारं बीएमएस सर्किट नाही. असले सेल कडब्याशेजारी ठेवायचे? डबा घेतला असेल तर आधी मेनपासून सोडवा, मग भांडा. आणि तो पाइपही उतरवा. वळवाच्या दिवसांत पत्र्यावर लोखंडी पाइप आणि त्याची तार थेट घरात, म्हणजे हवेतली वीज एकदाच येईल, पण सगळी येईल.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला. वीज कार्यालयात म्हणाले, मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही. एका हेल्पलाइनवर विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर आम्हीच गेलो नसतो? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, माल पुढे विकायला घेतला, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. मग आम्ही कोण? चौथ्या खेपेला ठाण्यात साहेब बंदोबस्तावर, आणि हवालदार हसत विचारतो, “वायरमन असून?” हे तक्रारीच्या कुठल्या रकान्यात भरायचं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. आमचे रोख गेले, ‘रोखीत द्या, डिपॉझिट कमी करतो’ म्हणाला म्हणून.

डब्यामागे १,८०० रुपये त्याने जीएसटीचे म्हणून घेतले, सहांचे १०,८००. पावतीवरचा जीएसटी नंबर आम्ही काल मोजला. पंधरा अक्षरं हवीत. चौदाच आहेत.